गाडीतली आई

तलाव फुटल्यानंतर चिंचबनात ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं, त्यांच्यातली सगळ्यात आधी कामावर परतली ती साधना. ग्रामपंचायतीत ती संगणकावर बसायची. उतारे, दाखले, लाइटबिलं. कुणी म्हणालं, बाई काळजाची घट्ट आहे. कुणी म्हणालं, दगड आहे. साधनाला दोन्हीचं काही वाटलं नाही. घरी बसलं की आबा समोर दिसायचे, आणि आबा दिसले की काहीतरी बोलावं लागेल असं वाटायचं. कार्यालयात निदान लोक दाखल्याचंच बोलत.

चिंचबन भीमेच्या काठचं गाव. अलीकडे शिरूर तालुका, पाण्यापलीकडे दौंड. गावठाण आणि वस्त्या यांच्यामधून एक ओढा जातो आणि खाली नदीला मिळतो. एरवी त्यातून शेरडंसुद्धा खूर न भिजवता जातात. सप्टेंबरात वरच्या अंगाला पाऊस झाला. गावात तर धड सरीही आल्या नव्हत्या. आणि एका दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला, वरचा पाझर तलाव फुटला. ओढ्याकाठची आळी गेली, गुरं गेली, माणसं गेली. त्यात साधनाचा नवरा रविराज होता. तो रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरला, तिथं लावलेली मोटारसायकल घेतली आणि वस्तीवर घरी निघाला. फरशी पुलाच्या मध्यावर असताना काठावरची माणसं ओरडली. त्यानं गाडी थांबवून वळून पाहिलं. पुढचं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तो सापडला तो पलीकडे, दौंडच्या हद्दीत, उसाच्या फडाला अडकलेला.

त्यांची मुलगी समृद्धी दुसरीत होती. त्या वेळी ती शाळेतच होती. बाईंनी सगळी पोरं शाळेच्या स्लॅबवर चढवली आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच बसवली. तिथून तिला कुणीतरी परस्पर कारेगावला मावशीच्या खोलीवर नेलं. दहावं, तेरावं सगळं उरकल्यावर ती परत यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी आबांनी साधनाला ओट्यावर बोलावलं.

आबा म्हणजे रविराजचे वडील. त्यांच्या आज्यानं मेंढरं विकून नदीकाठी जमीन केली होती. आबांनी उभ्या जन्मात कांदा, ऊस आणि झेंडूच पाहिला, पण बोलणं अजून मेंढरं वळल्यासारखं. थोडं आणि मोठ्यांदा.

"पोरीला काय कळू द्यायचं न्हाई. पप्पा कंपनीच्या कामाला गुजरातला गेल्यात म्हणायचं."

"कवापातुर, आबा?"

"मी सांगंन तवर."

साधनानं गळ्याला हात लावला. "आन् हे?"

"ऱ्हाऊ दे. टिकली बी ऱ्हाऊ दे. पोरगी बघंल." आबा उठले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "ती पप्पा कवा येणार म्हणून इचारंल, तेवढंच घरात बरं वाटंल."

त्यामुळे साधनाच्या कपाळावर टिकली राहिली आणि गळ्यात काळे मणी राहिले. भिंतीवर फोटो लागला नाही. पाण्याच्या टाकीवर भेटणाऱ्या बायका तिच्या कपाळाकडं बघत आणि मग हंड्याकडं बघत. तिला त्याचंही काही वाटलं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतो, आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. पहिल्या दिवशी बायकांनी तिला रडवायची खटपट केली, गळ्यात पडल्या, रविराजचं नाव घेऊन हंबरडा फोडला. तिला त्यांच्या पदरांचा ओलसर वास तेवढा आला.

समृद्धीनं आल्याआल्या विचारलं, "पप्पा कुठंयत?" आबांनी गुजरातचं सांगितलं. तिनं साधनाकडं पाहिलं. साधना भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. त्यानंतर पोरीनं परत विचारलं नाही. शाळेत जायची, जेवायची, अभ्यास करायची. साधनाच्या स्कूटीवर पुढं उभी राहून फरशी ओलांडताना आईच्या पोटात तोंड खुपसायची आणि चढ लागल्यावरच काढायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं. साधना सकाळी उठून गोधडी वाळत घालायची, न बोलता.

"ल्हान हाय. इसरली," आबा म्हणायचे. पण तिनं विचारावं म्हणून ते तिच्या आसपास घुटमळायचे, हे साधनाला दिसत होतं.

दर मंगळवारी दौंडहून दीक्षाताई यायची. सरकारी दवाखान्याकडून नेमलेली समुपदेशक, तिशीच्या आतबाहेरची. समाजमंदिरात टेबल मांडून बसायची. पहिल्या मंगळवारी कुणी आलं नाही, दुसऱ्यालाही नाही. डोक्यावर परिणाम झालेल्यांसाठी बाई आलीय, अशी गावात बोलवा होती, आणि तिच्यासमोर खुर्चीत बसून गावाच्या तोंडी कोण पडणार? मग ती कार्यालयात आली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, "लोक येत नाहीत तर आपण त्यांच्याकडं जाऊ. घंटागाडी रोज दारोदार फिरते ना? तिच्यावर लावू."

ग्रामसेवकांनी मान हलवली. "लावा की. पण आवाज कुणाचा?"

"माझा नको. मी बाहेरची. गावातला कुणाचा तरी हवा."

ग्रामसेवकांनी संगणकाकडं बोट केलं. "आमच्या साधनाताईंचा स्पष्ट आहे. हळदीकुंकवाला, ग्रामसभेला माइक त्यांच्याकडंच असतो." बोलून गेल्यावर त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ते एकदम फायली चाळायला लागले.

दीक्षानं साधनाकडं पाहिलं. टिकली, मंगळसूत्र, समोर दाखल्याची प्रिंट. "वाचाल का, ताई? एकच पान आहे. वरून आलेला मजकूर फार जड होता, तो मी आपल्या बोलण्यातला करून आणलाय."

"वाचते," साधना म्हणाली.

रेकॉर्डिंग कार्यालयाच्या आतल्या खोलीत झालं, पंखा बंद करून. साधनानं फोन तोंडाशी धरला आणि वाचलं.

"चिंचबनकर मंडळी, ऐका. आपल्या गावावर संकट येऊन गेलं. लेकरांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. लेकरू दचकत असेल, अंथरूण ओलं करत असेल, पाण्याला भीत असेल, तर रागावू नका. ते सोंग करत नाही. झालेली गोष्ट त्याच्यापासून लपवू नका. सोप्या शब्दांत खरं सांगा. गेलेलं माणूस बाहेरगावी गेलंय, असं सांगू नका. लेकरू वाट बघत बसतं. लेकरू विचारत नाही म्हणजे ते विसरलं, असं नाही. पुष्कळदा लेकराला वाटतं की हे आपल्यामुळंच झालं. त्याला जवळ घ्या. रडू आलं तर रडू द्या, तुम्हीही रडा. मंगळवारी समाजमंदिरात दीक्षाताई बसतात. त्यांच्याशी बोलायला पैसे लागत नाहीत, आणि बोललेलं बाहेर जात नाही."

एका दमात, एकही अक्षर न अडखळता. पाणीपट्टी भरायची शेवटची तारीख सांगावी तसं. दीक्षानं ते परत ऐकून पाहिलं आणि म्हणाली, "किती शांत वाचलंत हो. माझाच घसा दोनदा भरून आला होता लिहिताना."

"झालं का मग?" साधनानं विचारलं. बाहेर उताऱ्यासाठी दोघं थांबले होते.

दुसऱ्या दिवशी हौसराव गाडी घेऊन निघाला. हौसराव घंटागाडीचा ड्रायव्हर, साठीला आलेला, बोलका माणूस. एरवी तो स्वच्छतेचं गाणं लावायचा. त्या दिवशी गाण्याच्या जागी साधनाचा आवाज आला. आळीआळीतून बायका कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या आणि बादली हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. ज्या बाईनं स्वतःच्या पोरीला गुजरात सांगितलंय तीच गावाला सांगतेय, लपवू नका. गिताबाई नावाच्या एका बाईनं मात्र बादली खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. तिची सासू पाण्यात गेली होती, आणि तिचा पोरगा तेव्हापासून पत्र्यावरून खाली उतरायला तयार नव्हता. त्या मंगळवारी समाजमंदिरात पहिलं माणूस गेलं ते गिताबाई.

साधनानं स्वतःचा आवाज खिडकीतून ऐकला. कुणातरी ओळखीच्या बाईचा वाटला. तिनं खिडकी लावून घेतली, धूळ येत होती म्हणून.

मंगळवारी दीक्षा थेट तिच्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली.

"ताई, मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरचं. मी हा आवाज काढून टाकते, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते."

"कशाला? नीट आला न्हाई का?"

"नीट आलाय."

"मग राहू द्या. गाडी फिरायला लागलीय."

दीक्षानं खाली पाहिलं. "घरी मूल आहे?"

"मुलगी हाय. दुसरीत."

"तिला माहीत आहे?"

साधनानं कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसली. "पप्पा गुजरातला गेल्यात."

पुढं आता उपदेश येणार, असं तिला वाटलं. दीक्षानं काही उपदेश केला नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला कधी सांगावंसं वाटलं आणि एकटीनं जमणार नाही असं वाटलं, तर मी येईन. मंगळवार नसला तरी."

गाडी वस्तीवरही जायची. आबांनी पहिल्या दिवशी काही केलं नाही, दुसऱ्या दिवशीही झेंडूच्या वाफ्यात पाठ करून उभे राहिले. मग एका सकाळी ते काठी घेऊन रस्त्यावर आले आणि गाडीच्या बोनेटवर काठी आपटली.

"बंद कर ते."

"आबा, पंचायतीचा हुकूम हाय," हौसराव म्हणाला.

"गावात लाव. हितं वस्तीवर लावायचं न्हाई. पोरगी हाय घरात."

हौसरावनं दारात उभ्या असलेल्या समृद्धीकडं पाहिलं आणि स्पीकर बंद केला. त्यानंतर गाडी वस्तीवर मुकीच यायची. नुसता इंजिनाचा आवाज, बादल्यांचा खडखडाट. संध्याकाळी आबा साधनाला म्हणाले, "तुला वाचायला कुणी सांगितलं हुतं?"

"काम होतं, आबा."

"काम." आबांनी तोंडातलं पाणी अंगणात थुंकलं.

दिवाळीची सुट्टी लागली. साधना कामावर जायची, समृद्धी आबांजवळ वस्तीवर राहायची. झेंडूच्या तोडणीचे दिवस होते, सगळी वस्ती वाफ्यांत वाकलेली. अशाच एका सकाळी कार्यालयात साधनाचा फोन वाजला. शेजारची धुरपदाकाकू होती.

"साधना, समू तुझ्याकडं आली का गं?"

"न्हाई. का?"

"अगं, मगाशी एकटीच फरशीवरनं पळत गेली. मी वाफ्यातनं हाक मारली तर थांबली न्हाई. आबा तिकडं हुडकत्यात. बावरल्यात पार."

साधना उठली तेव्हा खुर्ची मागं कलंडली. समोर दाखल्यासाठी कुणी बसलं होतं, त्याला ती काही बोललीही नाही. बाहेर आली, आणि कुठं जायचं ते तिला कळेना. शाळा बंद. मैत्रिणी सगळ्या वस्तीवरच्या. त्या फरशीवरून पोरगी एकटी गेली, जिथं ती डोळेसुद्धा उघडत नव्हती?

तेवढ्यात मारुतीच्या देवळामागून आवाज आला. तिचाच. "चिंचबनकर मंडळी, ऐका." मजकूर संपला आणि लगेच परत सुरू झाला. "चिंचबनकर मंडळी, ऐका." हौसराव असं कधी करत नसे. एका आळीत एकदा लावून तो पुढं सरकायचा. साधना त्या आवाजामागं चालायला लागली. मग पळायला लागली. देवळाला वळसा घालून, दूध डेअरीवरून, शाळेच्या भिंतीशी. तिथं घंटागाडी उभी होती. पुढच्या सीटवर, हौसरावशेजारी, मांडीवर हात ठेवून समृद्धी बसली होती. स्पीकरमधून साधना म्हणत होती, "लेकरू विचारत नाही म्हणजे ते विसरलं, असं नाही."

हौसरावनं तिला पाहिलं आणि बटण दाबून आवाज बंद केला. "बाई, ही मगाशी आली. धापा टाकत हुती. म्हणली, आमच्याकडं बंद केलंय, हितं लावा. लावलं. म्हणली, परत लावा." तो खाली उतरला. "मी जरा च्या पिऊन येतो. बसा तुम्ही."

साधना त्याच्या जागी, स्टिअरिंगमागं बसली. गाडीत कचऱ्याचा आंबूस वास होता. समृद्धीच्या पायात एकच चप्पल होती.

"फरशीवरनं एकटी आलीस?"

"हां."

"भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं. डोळे मिटले आन् पळाले."

"कशाला आलीस पण?"

"तुला ऐकायला."

"मी घरी असतेच की गं."

"घरची बोलत न्हाई," समृद्धी म्हणाली. तिनं डॅशबोर्डकडं बोट केलं. "गाडीतली बोलती. सगळ्यांना सांगती. मला वाटलं, घरी येऊन मला पण सांगशील."

साधनानं स्टिअरिंगला हात लावला. ते उन्हानं तापलं होतं. तिनं हात तिथंच ठेवला. बोलायला तोंड उघडलं तर शब्द तयार होते, तिनंच वाचलेले, पाठ झालेले. पण ते मंडळींसाठी होते. पोरीसाठी तिला वेगळे शोधावे लागले, आणि ते एकेक करून आले.

"समू, पप्पा गुजरातला न्हाईत. त्या दिवशी ओढ्याला पाणी आलं, त्यात पप्पा वाहून गेले. पप्पा मेले. आता ते परत येणार न्हाईत."

तो शब्द तिनं आजवर उच्चारला नव्हता. सगळं गाव 'गेले' म्हणत होतं.

"मला म्हाईत हाय," समृद्धी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. स्लॅबवरनं. पप्पांची लाल गाडी फरशीवर आली." ती हळू आवाजात, पण सलग सांगत होती, धडा म्हणून दाखवावा तशी. "मी पप्पा म्हणून हाक मारली. लई जोरात. मग पप्पा थांबले. मागं बघितलं. मग पाणी आलं." तिनं मांडीवरचा फ्रॉक मुठीत धरला. "मी हाक मारली नसती तर ते थांबले नसते ना?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. इतके दिवस ही पोर हे पोटात घेऊन जेवत होती, अभ्यास करत होती, फरशी ओलांडत होती. शेजारी बसून आपण भाकरी थापत होतो.

"समू, इकडं बघ. तुझ्यामुळं न्हाई थांबले. काठावरची माणसं ओरडली, पाणी आलं, पाणी आलं, म्हणून थांबले. पाण्याकडं बघितलं त्यांनी."

"माझी हाक ऐकू गेली न्हाई?"

साधनाला हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. तिनं मान वळवून शाळेकडं पाहिलं, मग ओढ्याकडं. मध्ये देऊळ, डेअरी, घरं. "न्हाई, बाळा. एवढ्या लांबनं न्हाई ऐकू जात. आन् पाण्याचा आवाज किती होता, तुला म्हाईतच हाय."

"हां. लई होता."

"तुझी काय चूक न्हाई. पप्पांची पण न्हाई."

समृद्धीनं मूठ सोडली. फ्रॉकला चुण्या पडल्या होत्या, त्या ती हातानं सारख्या करत राहिली. मग तिनं आईच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"तू रडत न्हाईस."

"येत न्हाई."

"मला पण येत न्हाई. गाडीतली म्हणती रडा."

"येईल तवा येईल," साधना म्हणाली. "न्हाई आलं तरी चालतंय."

तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं. मधे गिअरचा दांडा होता, तो दोघींना टोचत होता. हौसराव चहा पिऊन आला, त्यांना तसंच बसलेलं पाहिलं, आणि परत चहाच्या टपरीकडं गेला.

घरी आल्यावर समृद्धीनंच सांगितलं. आबा ओट्यावर बसले होते, काठी आडवी मांडीवर, तिला शोधून दमलेले. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "आबा, आईनं मला खरं सांगितलं. तुम्ही आता गुजरात म्हणू नका."

आबांनी साधनाकडं पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता, मग तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेनासं झालं. "तुला कवापासनं ठावं हुतं?" त्यांनी नातीला विचारलं.

"पयल्यापासनं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून."

आबांनी काठी बाजूला ठेवली. ते उठले, घरात गेले. धान्याच्या कोठीमागं त्यांचा हात काहीतरी चाचपत होता. बाहेर आले तेव्हा हातात जुन्या धोतरात गुंडाळलेली फ्रेम होती. रविराजचा फोटो. त्यांनी तो शिरूरला जाऊन कधीच मोठा करून आणला होता, कुणाला न सांगता, आणि लपवून ठेवला होता. भिंतीत खिळा ठोकताना त्यांचा हातोडा दोनदा बोटावर बसला. साधना मदतीला पुढं झाली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी लावतो." फोटो जरा तिरका लागला. तो कुणी सरळ केला नाही. आबा खाली बसले आणि त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की दावणीची गाय वळून बघायला लागली. समृद्धी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. साधना उभी होती. तिचे डोळे कोरडेच होते. बोट मात्र आबांचं ठेचलं होतं आणि दुखत तिचं होतं, असं काहीतरी तिला वाटलं आणि लगेच गेलं.

मंगळवारी ती दीक्षाकडं गेली. समाजमंदिरात आता खुर्च्या लागत होत्या. गिताबाईचा पोरगा बाहेर पायरीवर बसून मातीत रेघा ओढत होता. साधनानं सगळं सांगितलं, हाकेचंही सांगितलं. दीक्षानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समृद्धीला घेऊन याल पुढच्या वेळी? ती हाक एकदा सांगून जाणार नाही. परत येईल, परत सांगावं लागेल."

"आणते." साधना उठली आणि थांबली. "त्या मजकुरात एक घालायचं राहिलंय."

"काय?"

"रडा म्हणलंय. पण ज्यांना येत न्हाई, त्यांना वाटतं आपण दगड झालो. तसं न्हाई, एवढं घाला."

परत पंखा बंद करून रेकॉर्डिंग झालं. नवीन वाक्य साधनानं वाचलं, "रडू येत नसेल, आतून काहीच वाटत नसेल, तर तेही या दिवसांत होतं. तेही दीक्षाताईंना सांगा." आवाज पहिल्यासारखाच सपाट आला. दीक्षानं परत ऐकून पाहिलं नाही. हौसराव म्हणाला, वस्तीवर लावू का? आबा म्हणाले, लाव.

मंगळसूत्राचं कुणी विचारलं नाही. समृद्धीनंच एकदा वेणी घालून घेताना त्याला हात लावला आणि विचारलं, "हे काढायचं असतं ना?"

"काढू?"

"न्हाई, असू दे." म्हणून ते राहिलं.

दिवाळी झाल्यावर थंडी पडायला लागली, तशी साधना तिला स्वेटर घ्यायला दौंडला घेऊन गेली. नदीच्या मोठ्या पुलावरून स्कूटी जाताना समृद्धीनं आधी तोंड खुपसलं, मग जरा काढलं. "पप्पा कुठं सापडले?"

साधनानं पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली. खालच्या अंगाला ऊस उभा होता, काही फडांत तोडणी सुरू झाली होती. "त्या तिकडं. झाडं दिसत्यात ना, त्याच्या पलीकडं."

"लांब हाय."

"लांब हाय."

समृद्धीनं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चल."

स्वेटर घेतला, वडापाव खाल्ला. परतताना ऊन कलायला लागलं होतं आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळू न्यावी लागत होती. स्कूटीवर पुढं उभ्या पोरीची मान डुलायला लागली. साधनानं गुडघ्यांनी तिला आवळलं.

"समू, झोपू नको. पडशील. काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय पण."

पोरीनं डोळे चोळले. मग म्हणाली, "पप्पा गाडी चालवताना शिट्टी वाजवायचे."

"हां."

"कारल्याची भाजी माझ्या ताटात टाकायचे. आबांनी बघितलं की म्हणायचे, समूलाच आवडती."

वाजवायचे. टाकायचे. म्हणायचे. इतके दिवस घरात सगळे रविराजबद्दल बोलायचं टाळत होते ते बहुतेक या एका 'चे'पायी, साधनाच्या मनात आलं. पोरीच्या तोंडी ते सहज येत होतं. साधनाच्या घशात काहीतरी टोचलं, भाकरीचा कोरडा घास अडकावा तसं. ते खाली जाईना, वर येईना. तिनं समोरून येणाऱ्या ट्रॉलीला वाट दिली.

"आन् काय करायचे?" तिनं विचारलं.

"सांगते की. थांब," समृद्धी म्हणाली आणि आठवायला लागली.